नाव होण्याआधी (भाग ५) : तीन मिनिटांची तबकडी आणि विनातिकीट प्रवास

मागच्या आठवड्यात आपण ग्रामोफोनच्या तबकडीची मर्यादा पाहिली. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्या तीन मिनिटांनी एका पोराला घराबाहेर कसं काढलं, ते आज.

भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ चा. लहानपण गदगमधलं, वडील गुरुराज शिक्षक. भजनाची दिंडी दिसली की पोरगं तिच्यामागे निघायचं आणि थकलं की जिथे असेल तिथे झोपी जायचं. शोधून शोधून दमलेल्या वडिलांनी शेवटी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं. ज्याला सापडेल तो आणून सोडेल!

गावातल्या चन्नप्पा कुर्तकोटींनी भैरव, भीमपलास शिकवले. पण एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी कानावर पडली आणि तेवढ्यावर भागेना. तबकडी आस लावते आणि थांबते. पुढचा तासभर राग कसा फुलवायचा, ते तिच्यात नसतं. ते गुरूकडेच, आणि तेव्हाचे गुरू घराण्यांत नाहीतर संस्थानांत. पत्ता विचारत जाणं एवढाच मार्ग.

१९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, भीमसेन घरातून निघाले. निमित्त काय, तर जेवताना आईनं तुपाचा आणखी एक चमचा वाढला नाही! खरं कारण अर्थातच ती ठुमरी. या मुलाच्या खिशात तिकिटाचेही पैसे नव्हते. डब्यात अभंग म्हणायचे, कोणी दिलं तर खायचं, तिकीट तपासनीस आला तर त्यालाही गाणंच ऐकवायचं.

पुणे करत ते ग्वाल्हेरला पोहोचले. तिथे शिंदे सरकारच्या आश्रयानं चालणारं माधव संगीत विद्यालय होतं. तिथे त्यांना सरोदवादक हाफिज अली खाँ यांचा आधार मिळाला. गाणाऱ्या मुलानं सरोदियाकडून मारवा-पुरिया शिकावं, हे मला फार बोलकं वाटतं. घराणं, वाद्य असलं काही न पाहता जिथे स्वर दिसला तिथे हात पसरायचा. पुढे त्यांच्या किराणा घराण्याच्या गायकीत किराण्याबाहेरचं जे ऐकू येतं, त्याची सुरुवात मला इथेच दिसते.

पुढे कलकत्त्यात नट-गायक पहाडी सन्याल यांच्या घरी त्यांनी पडेल ते काम केलं. बऱ्याच वर्षांनी तेच सन्याल मैफलीनंतर कौतुक करायला आले, तेव्हा भीमसेनांनी आपली जुनी ओळख सांगितली. समोरच्या गवयात आपला तो नोकर पोरगा त्यांना दिसलाच नव्हता.

मग जालंधर. इथे मंगतराम या अंध धृपदियाकडे शिकणं, व्यायाम, आणि हरिवल्लभ संगीत संमेलनात येणाऱ्या कलावंतांमागे तंबोरा धरणं. तंबोऱ्यावर बसलेल्याला गाणं अगदी जवळून ऐकायला मिळतं. फुकटातली ही मोठी शाळा. तिथेच विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना विचारलं की तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व असताना इतक्या लांब कशाला आलास?

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ज्यांच्या ठुमरीनं घर सोडायला लावलं, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. त्यांचं कुंदगोळ हुबळीजवळ, गदगपासून आगगाडीनं काही तासांवर! अर्धा हिंदुस्थान पालथा घालून पत्ता मिळाला तो शेजारचा.

१९३६ मध्ये भीमसेन कुंदगोळला आले. तालीम लगेच सुरू झाली नाही. आधी घागरीनं पाणी भरणं आणि घरकाम. गुरुभगिनी गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं शिकायला येत. रात्री परतताना त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला भीमसेन जात आणि वाटेत, आज गुरुजींनी तुम्हाला काय शिकवलं, ते विचारून घेत.

(पुढील भागात : रामपूर, लखनौ आणि मुंबई रेडिओ)