संयोजकाचा टिकाऊपणा : 'बसणे' आणि 'जुळणे'

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका हा कपाशी, तूर व सोयाबीन यांचा काळ्या मातीचा प्रदेश होय. केंद्र शासनाची २०१९ ची कुसुम योजना आणि महाराष्ट्र शासनाची २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांमुळे अशा कोरडवाहू भागांत सौरपंपांचा प्रसार होत आहे. या पंपांच्या पॅनेलांमागील तारा बोटाएवढ्या संयोजकांनी सांधलेल्या असतात. पॅनेले एकसर जोडणीत असल्यामुळे त्यांतील एकच संयोजक निकामी झाला तरी संपूर्ण मालिका खंडित होते आणि बोंडे भरण्याच्या ऐन वेळी कपाशीचे पाणी थांबते. एवढ्या लहान वस्तूवर एवढा भार का पडतो, याचा विचार उद्बोधक ठरतो.

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. रॅग्नार होल्म याने विद्युत्-स्पर्शांच्या अभ्यासात हे विस्ताराने दाखविले. सर्व प्रवाह या बिंदूंतून आकुंचित होऊन वाहतो. स्पर्शाचा रोध १ मिलिओहम असेल तर १० अँपिअर प्रवाहाने तेथे ०.१ वॅट उष्णता निर्माण होते. तोच रोध ५० मिलिओहम झाला तर ती ५ वॅट होते. बंदिस्त प्लास्टिकच्या लहानशा कवचाला एवढी उष्णताही घातक ठरते. तात्पर्य, धातूचे आकारमान वाढविण्यापेक्षा या बिंदूंचे रक्षण करणे हेच रचनाकाराचे मुख्य कार्य होय.

त्यासाठी पहिली गरज स्थिर दाबाची. शुद्ध तांबे उत्तम वाहक असले तरी स्प्रिंग म्हणून दुबळे असते; म्हणून दाब देणारा भाग मिश्रधातूचा करतात. सौर पॅनेलांसाठी रूढ झालेल्या एमसी-४ या जातीच्या संयोजकाची पिन केवळ ४ मिलिमीटर व्यासाची असते. अशा पिनेभोवती अनेक लवचीक पात्यांची पट्टी बसविली म्हणजे प्रवाहाला एकाऐवजी अनेक समांतर वाटा मिळतात. दुसरी गरज योग्य मुलाम्याची. तापमानाच्या चढउताराने भाग काही मायक्रोमीटर सरकतात. या घर्षणाने कथिलाच्या मुलाम्यावर ऑक्साइडचा थर साचत जातो व रोध वाढतो. तिसरी गरज तारेच्या टोकाची. ते योग्य साच्याच्या अवजाराने दाबले पाहिजे. पकडीने दाबलेल्या टोकात पोकळी राहते आणि तेथून गंज सुरू होतो.

चौथी गरज जलरोधाची. आयपी ६७ या श्रेणीत पहिला अंक संपूर्ण धूलिरोध आणि दुसरा १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची क्षमता दर्शवितो. परंतु विदर्भाच्या उन्हात तापलेल्या संयोजकावर मृगाची सर कोसळली म्हणजे आतील हवा एकाएकी आकुंचन पावते आणि सैल झालेल्या रबरी कड्याजवळून पाणी आत ओढले जाते. प्रयोगशाळेतील स्थिर पाण्यापेक्षा ही परीक्षा निराळी आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. एका निर्मात्याची पिन दुसऱ्याच्या सॉकेटात पुष्कळदा 'बसते'. खटका वाजतो आणि काम पुरे झाले असे वाटते. परंतु दोघांचा मुलामा, मापांतील सूट व प्लास्टिक भिन्न असल्यामुळे ती जोडी 'जुळत' नाही. म्हणूनच आयईसी ६२५४८ हे मानक एकाच निर्मात्याचे, एकाच प्रकारचे भाग जोडण्याचा दंडक घालते. बसणे ही आकाराची बाब आहे, जुळणे ही गुणधर्मांची. वधूवरांच्या पत्रिकांपासून सुरांपर्यंत 'जुळणे' हे क्रियापद परस्परांच्या अनुरूपतेसाठी मराठीत रूढ आहे. सूचनापत्रकात सरसकट 'जोडा' असे लिहिले, तर हा भेद पुसला जातो.

दुसरी सूचनाही अशीच नेमक्या शब्दांत हवी. ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात सेकंदाला १०० वेळा शून्य येते, त्यामुळे ठिणगी विझण्यास साहाय्य होते. सौर पॅनेलांच्या एकदिश प्रवाहात तसे शून्य नसते. म्हणून 'काळजीपूर्वक काढा' हे शब्द अपुरे आहेत. 'आधी पंप व स्विच बंद करा, मगच संयोजक सोडवा' असा क्रमच सांगितला पाहिजे.

लहान संयोजकाचे आयुष्य अशा प्रकारे धातू, रबर आणि अवजार यांवर जितके अवलंबून असते, तितकेच तो बसविणाऱ्याला मिळालेल्या शब्दांवरही असते. परिभाषा घडविणाऱ्याने ही जबाबदारी गौण मानू नये.