गल्ल्यामागचा सर्व्हर

नालासोपारा पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, खाली झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आणि वर पोटमाळ्यावर दहा कॉम्प्युटर, असा आमचा कॅफे होता. आमचा म्हणजे मालकीचा नव्हे, शिकवणी बुडवून बसायचा. तासाला वीस रुपये. मालकाला सगळे दादा म्हणायचे, आणि दर अर्ध्या तासाला कोणीतरी वरून ओरडायचं, "दादा, मॅप बदला ना!"

"डस्टच चालेल. ज्याला नको त्याने उठायचं."

दादांच्या या अधिकाराचं मूळ अकराव्या मशीनमध्ये होतं. ते खाली गल्ल्यामागे, वहीखात्यांच्या आणि अगरबत्तीच्या शेजारी असायचं. त्याच्यावर कोणीच खेळत नसे. पडद्यावर एक लहानशी खिडकी आणि तिच्यात सरकत जाणाऱ्या इंग्रजी ओळी: कोण आला, कोण गेला, कोणी कोणाला कशाने मारलं. हा काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर.

प्रत्येकाच्या पडद्यावर दिसतं ते त्याच्यापुरतं चित्र. गोळी खरंच लागली की भिंतीत गेली, बॉम्ब आधी निकामी झाला की आधी फुटला, याचा निवाडा सर्व्हर करतो. 1993 सालच्या 'डूम'मध्ये असा पंच नव्हता, सगळी मशीनं एकमेकांशीच बोलत. 1996 मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा 'क्वेक' आला आणि त्यात एक मशीन पंच, बाकीची खेळाडू, अशी मांडणी झाली. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा पंच कंपनीने आपल्या कचेरीत बसवून ठेवला नाही. तो खेळाबरोबरच गिऱ्हाइकाला देऊन टाकला. ज्याच्याकडे डिस्क, त्याच्याकडे पंच. शिवाय खेळाचे नियम ज्या भाषेत लिहिले होते तीही उघडी ठेवली. मग पोरांनी नियम बदलले नसते तरच नवल.

त्या पोरांपैकी एक मिन्ह ले, कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचा विद्यार्थी. क्वेकवर हात बसवल्यावर तो व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ'कडे वळला. हाफ-लाइफ ही 1998 ची, मुळात एकट्याने खेळायची गोष्ट. ले आणि जेस क्लिफ या दोघांनी तिच्यातून पोलीस विरुद्ध अतिरेकी असा सांघिक खेळ, म्हणजे काउंटर-स्ट्राइक, कोरून काढला आणि जून 1999 मध्ये फुकट वाटला. पुढच्या वर्षी व्हॉल्व्हने खेळही घेतला आणि दोघांना नोकरीवरही. म्हणजे आम्ही जो खेळ खरा मानून खेळत होतो, तो स्वतःच कोणाच्या तरी खेळात केलेली ढवळाढवळ होती. दादांच्या प्रतीबद्दल मात्र फार विचारू नये. दहाही मशीनवर एकच चोरटी प्रत होती, आणि विकत घेतलेली सीडी मी त्या काळात कोणाकडेच पाहिली नाही.

सर्व्हरच्या फोल्डरमध्ये 'सर्व्हर डॉट सीएफजी' नावाची साधी मजकुराची फाइल असते. सुरुवातीचे पैसे 800, गुरुत्वाकर्षण 800, आपल्याच माणसाला गोळी लागते की नाही: शून्य किंवा एक. शनिवारी रात्री दादा पैसे 16000 करायचे, तेव्हा पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या हातात भारी बंदूक. एकदा कोणीतरी त्यांना पटवून गुरुत्वाकर्षण 200 वर आणलं आणि आम्ही तासभर घरांच्या छपरांवरून तरंगत एकमेकांना मारत होतो. गल्लीत एक टप्पा आउट, कंपाउंडबाहेर गेला तर आउट आणि मारणाऱ्यानेच चेंडू आणायचा, हे नियम ज्यांनी लहानपणी ठरवले, त्यांना यात नवं काहीच वाटलं नाही. बॅट ज्याची, त्याचा शब्द शेवटचा, हेही ओळखीचंच. दादांचा पुतण्या हरायला लागला की फेरी अचानक नव्याने सुरू व्हायची.

नियम बदलण्याच्या पुढची पायरी म्हणजे नियम लिहिणं. 'एएमएक्स मॉड एक्स' नावाची जोडणी सर्व्हरवर बसवली की 'पॉन' या छोट्या भाषेत स्वतःचे प्लगइन लिहिता येत. माझा पहिला चाललेला प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमधला नाही, तो या गल्ल्यामागचा आहे. बॉम्ब फुटायला दहा सेकंद उरले की सगळ्यांच्या पडद्यावर 'पुढील स्टेशन विरार' अशी सूचना यायची. खेळाला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत. आठवडाभर पोरं हसली, मग कंटाळली. मी अजून कंटाळलेलो नाही.

आमच्यातल्या एकाने याहून मोठा घाट घातला. त्याला विरार स्टेशनचा मॅप करायचा होता: पूल, जिना, तिकीटखिडकी आणि फलाटाला लागलेली लोकल. मॅप तयार करण्याचं अवजार फुकट मिळायचं. एकेक भिंत ठोकळ्यासारखी उभी करायची, तिला चित्र चिकटवायचं, दिवे लावायचे आणि शेवटी कॉम्प्युटरला उजेड-सावलीचा हिशेब करायला बसवायचं. हा हिशेब तासन्तास चाले. वसई-विरारमध्ये तेव्हा भारनियमन होतं, त्यामुळे मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पण खरी अडचण वेगळीच निघाली. हाफ-लाइफच्या इंजिनातलं जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 8192 एककांचं. एक एकक साधारण एक इंच धरलं तर जेमतेम दोनशे मीटर. बारा डब्यांची गाडी त्या जगात मावत नाही! शेवटी त्याने नऊ डब्यांची उभी केली. पुलावरून दुर्बीण लावून बसलेल्याला खालचा फलाट पूर्ण दिसायचा, त्यामुळे सामना पार एकतर्फी व्हायचा. खेळ म्हणून मॅप फसलेला होता. पण इंडिकेटरखाली दबा धरून बसलेला शत्रू मी त्यानंतर कुठल्याच खेळात पाहिला नाही.

2011 मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. ओळखपत्र पाहायचं, नोंदवही वर्षभर जपायची, आडोसा साडेचार फुटांहून उंच नको. पण कॅफे मोडले ते नोंदवहीने नाही, खिशातल्या फोनने. पबजी मोबाइल 2018 मध्ये आला आणि विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या खेळणारी पोरं दिसायला लागली. पबजीचा जन्मही असाच मोडतोडीतून झालेला. 'आर्मा 2' या युद्धखेळावर डीन हॉल यांनी 'डेझी' रचला, त्यावर ब्रेंडन ग्रीन यांनी शेवटचा उरेल तो जिंकेल असा नियम बसवला, आणि त्यातून हा खेळ आला. मात्र फोनपर्यंत पोचताना त्याने पंच आपल्याकडेच ठेवून घेतला. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने बंदी घातली, ऑक्टोबरअखेर कंपनीने भारतातली सेवा थांबवली, आणि संपलं. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण फोनमध्ये खेळ पूर्ण शिल्लक असून त्याचा उपयोग शून्य, हा प्रकार आमच्या पोटमाळ्यावर होऊ शकला नसता.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या माणसाला हे एका शब्दात समजेल: बावखल. वाडीतल्या या लहान तळ्याचं पाणी रहाटाने केळीला आणि पानवेलीला जायचं. बावखल उपसायला लागे, त्यात गाळ साचे, भावकीची भांडणंही होत. मग नळ आला, टँकर आला, आणि कितीतरी बावखलं मातीने बुजली. टँकरचं पाणी वाईट नाही. तो कधी येईल, एवढंच आपल्या हाती नाही.

घरचा सर्व्हर अजून पुरता बुजलेला नाही. माझा भाचा आपल्या खोलीत माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. त्याची फाइल कंपनीच फुकट देते, मुळात वीस खेळाडूंची सोय, आणि मेल्यावर सामान हरवू नये असा नियम एका ओळीत लावता येतो. त्याच्या आड येतं ते ब्रॉडबँड. अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरच्या मित्राला घराचं दारच सापडत नाही. त्याने त्यावरही मधल्या एका सेवेची पळवाट काढली आहे. युरोपात तर खेळ कोणाच्या हाती राहावा या प्रश्नावर मोहीम झाली. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा खेळ 31 मार्च 2024 ला बंद केल्यावर, विकलेला खेळ खेळण्याजोगा ठेवूनच कंपनीने निरोप घ्यावा, या मागणीवर 10 लाखांहून अधिक सह्या जमल्या. आपल्याकडे तशी मागणी ऐकू येत नाही, कारण फोनवरचे बहुतेक खेळ फुकट असतात आणि फुकटच्या गोष्टीवर हक्क सांगायला आपण कचरतो.

दादांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. अकरावं मशीन कुठे गेलं ते त्यांनाही आठवत नाही. तुम्ही त्या काळात नालासोपारा-विरारच्या एखाद्या कॅफेत बसला असाल आणि घरात माळ्यावर जुनी हार्ड डिस्क पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा जोडून बघा. 'सीस्ट्राइक' नावाचा फोल्डर, त्यात 'मॅप्स'. नऊ डब्यांची गाडी उभी असलेली फाइल सापडली, तर ती मला हवी आहे.