हळदीचा हौद

तालमीतल्या हौदातली तांबडी माती नुसती शेतातून आणून ओतलेली नसते. तिच्यात ताक, लिंबू, तेल, कापूर आणि सढळ हातानं हळद कालवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझपदक घेऊन आले, ते मूळचे अशाच मातीतले. पैलवानाचं अंग रोज खरचटतं. ते चिघळू नये म्हणून हळद. आणि तिला आमच्याकडे तोटा कुठला? कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवं खणून हळद वर्षानुवर्षं साठवत आले.

मुका मार लागला की जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. दाहाची हीच चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली. वस्तादांना ती न वाचताच ठाऊक असतात. पण त्या सुजेच्या आत चाललंय काय, याचा एक मोठा धागा १८८२ साली हाती लागला. मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ तेव्हा सिसिलीतल्या मेसिनात राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. त्यानं तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती भटक्या पेशींनी गराडा घातलेला! त्या जिवाला ना मेंदू, ना रक्तवाहिन्या, तरी घुसखोर आल्याची वर्दी पोचली होती.

आपल्या अंगातही असंच होतं. पेशी धावतात, जंतू गिळतात, राडारोडा साफ करतात आणि निघून जातात. खरी गंमत या ‘निघून जातात’मध्ये आहे. आग आपोआप विझत नाही. ती विझवणारी रसायनं शरीराला वेगळी तयार करावी लागतात. वय वाढलं की नेमकं हे विझवणं ढिलं पडतं. काटा नाही, जखम नाही, तरी फौज तळ ठोकून बसलेली. इटलीच्या क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली या म्हातारपणातल्या मंद दाहाला इंग्रजी नाव दिलं. मला त्यासाठी आपला ‘धूप’ हा शब्द आवडतो. ओलं लाकूड पेटत नाही, धुपत राहतं. आणि जमिनीचीही धूपच होते: एका पावसात कळत नाही, वीस वर्षांनी बांध गेलेला दिसतो. रक्तवाहिन्यांचं, इन्सुलिनचं, हाडांचं, मेंदूचं अगदी तसंच.

धूर येतो कुठून? एक तर थकलेल्या पेशींकडून. त्यांचं विभाजन थांबलेलं असतं, पण त्या मरत नाहीत. निवृत्त होऊन पारावर बसल्यासारख्या बसतात आणि दिवसभर शेजारपाजार भडकवणारी रसायनं सोडतात. दुसरा धूर पोटातल्या चरबीचा, आणि ती नेहमी दिसतेच असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपण दिसतो काटक, आतून निघतो लोण्याचे. तिसरा धूर हिरड्यांचा. आमच्या भागातल्या कितीतरी आज्यांची सकाळ मिश्री लावल्याशिवाय सुरू होत नाही. हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या राहिल्या की तो दाह तोंडापुरता राहत नाही. रक्तात सीआरपी हे यकृतात बनणारं प्रथिन वाढलेलं सापडतं. धूप मोजायची हीच सोपी खूण.

आता हळद. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत दाह झकास शमवतं. पण गिळलं की आतडं ते फारसं आत घेत नाही, जे घेतं तेही यकृत चटकन बाहेर काढतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पिपरीन जोडीला दिलं, तर रक्तातलं प्रमाण वीसपटीनं वाढलं; मूळ आकडाच इतका नगण्य. २०१७ साली एका मोठ्या आढाव्यानं तर कर्क्युमिनच्या औषधी दाव्यांवर सरळ पाणी ओतलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा छाती फुगली होती; हा आढावा वाचल्यावर ती जरा बसली. आमटीतली हळद मी सोडलेली नाही.

पण त्या हौदात हळदीखेरीज आणखी एक गोष्ट असते: राबणारा स्नायू. आणि इथं मी अक्षरशः थक्क झालो. इंटरल्यूकिन-६ नावाचा एक रेणू आहे. चरबीतून तो रात्रंदिवस ठिबकत राहिला की धूप वाढते. तोच रेणू व्यायामात आकसणारा स्नायूही सोडतो, लांबच्या शर्यतीत तर नेहमीच्या शंभरपटीपर्यंत. आणि तेव्हा तो आग विझवणाऱ्या रसायनांना हाक देतो! कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी हे दाखवलं आणि स्नायू हीसुद्धा एक ग्रंथीच, असं मानलं जाऊ लागलं. निरोप्या तोच, फक्त कुणाकडून आला आणि किती वेळ रेंगाळला, यावर निरोपाचा अर्थ फिरतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढणारी पांढऱ्या केसांची मंडळी धापा टाकत हेच रसायन गाळत असतात.

मग धूप अटळ आहे का? २०२५ साली बोलिव्हियातले चिमाने आणि मलेशियातले ओरांग असली या आदिवासींच्या रक्ताची तुलना इटली-सिंगापूरच्या लोकांशी झाली. जंतुसंसर्गामुळे या आदिवासींच्या अंगात दाह भरपूर. पण इटलीत-सिंगापुरात दिसलेला, वयाबरोबर चढत जाऊन जुनाट आजारांशी जोडलेला नमुना त्यांच्यात सापडलाच नाही.

हौदातली माती बसते, घट्ट होते. हळद तिच्यात मुरावी म्हणून ती रोज पहाटे फावड्यानं उकरावी लागते. घाम निघेस्तोवर.