आईचे चोवीस तास, वडिलांचे चोवीस तास

दिवस सर्वांनाच चोवीस तासांचा मिळतो. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद त्यात नाही. परंतु हे तास कशात जातात आणि त्यांतले स्वतःच्या मर्जीचे किती उरतात, यात मोठी तफावत असते. एकाच छपराखाली राहणाऱ्या, त्याच मुलांच्या आई-वडिलांतही ती असते. समतेचा विचार आपण सभा-संमेलनांत नेहमी मांडतो. तोच विचार घरातल्या घड्याळाला लावला तर काय दिसते, हे प्रस्तुत लेखात आम्ही सभासदांपुढे, आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, ठेवीत आहोत.

वेळेची मोजणी

घरातला वेळ मोजता येतो काय? येतो. आपल्या देशात १९९८-९९ साली सहा राज्यांत याची पहिली मोठी पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. पुढे २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली. दोन्ही वेळा सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली. पद्धत सोपी आहे. आदल्या दिवशी पहाटे चार वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत घरातील सहा वर्षांवरील प्रत्येकाने काय काय केले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घ्यायचे.

२०१९ च्या पाहणीत विनावेतन घरकाम, म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट वगैरे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. ही कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे जात होता. २०२४ साली हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांपूर्वी अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. मधल्या काळात कोविडची साथ आली, टाळेबंदीत लाखो पुरुष घरी बसले, तरी फरक जिथल्या तिथेच राहिला.

मुलांची व आजाऱ्यांची देखभाल वेगळी मोजली जाते. २०२४ साली १५ ते ५९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ४१ जणी हे काम करीत होत्या आणि त्यांचा रोज सुमारे १४० मिनिटे वेळ त्यात जात होता. पुरुष शंभरात २१ होते आणि त्यांचा वेळ ७४ मिनिटे होता.

सरासरी वाचताना

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वरील ९७ किंवा ८८ मिनिटे ही सर्व पुरुषांची सरासरी नाही. ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला, फक्त त्यांची ती सरासरी आहे. २०१९ साली असे पुरुष शंभरात सुमारे २६ होते, तर स्त्रिया ८१ होत्या. काहीच न करणाऱ्यांना धरून हिशेब मांडला तर पुरुषाच्या वाट्याला रोज सुमारे २५ मिनिटे येतात आणि स्त्रीच्या वाट्याला सुमारे २४३, म्हणजे चार तासांहून अधिक. "आजकाल पुरुषही घरात बरेच करतात", असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

यात अविवाहित मुले-मुली व वृद्धही आले. परंतु लग्न होऊन पदरी मूल आलेल्या घरांत चित्र काय असते, हे आपण आजूबाजूला रोज पाहतोच.

ठरल्या वेळेची कामे

मिनिटांच्या पलीकडेही एक भेद आहे. नळाला पाणी पहाटे येते, तेव्हाच ते भरावे लागते. मुलाचा डबा शाळेच्या वेळेआधीच व्हावा लागतो. तान्ह्याची भूक थांबत नाही. ही कामे रोजची आहेत, ठरल्या वेळेची आहेत आणि ती बहुतेक आईकडे असतात. वडिलांकडे जी घरची कामे येतात, उदाहरणार्थ वीजबिल भरणे, पंखा दुरुस्त करून आणणे, रविवारचा बाजार, ती आज नाही तर उद्या चालतात. त्यामुळे वडील घरकामातही आपली सवड पाहू शकतात. आईला मात्र कामाच्या वेळेप्रमाणे स्वतःला बांधून घ्यावे लागते. शिवाय लस कधी द्यायची, पालकसभा कोणत्या दिवशी, तेल किती उरले, हे सारे तिच्याच डोक्यात असते. ते कोणत्याच तक्त्यात उतरत नाही.

वडिलांची बाजू

वडील रिकामे बसतात असे आमचे म्हणणे नाही. २०२४ साली १५ ते ५९ वयाच्या शंभर पुरुषांपैकी ७५ कमाईच्या कामात होते, स्त्रिया २५ होत्या. विरार-कल्याणहून लोकलने मुंबईला जाणाऱ्याचे तास तर प्रवासातच जातात. परंतु कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असते, चुलीला नसते. आणि पत्नीही नोकरीला जाऊ लागली तर घरकामाची वाटणी आपोआप बदलते काय? बहुतेक घरांत नाही. ती दोन पाळ्या करते.

कायद्यातही हा भेद उमटला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पात्र नोकरदार मातेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. ही मोठीच सोय आहे. परंतु केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांचीच आहे. म्हणजे मूल आईने सांभाळायचे, हे पहिल्या महिन्यातच ठरून जाते.

आपला वारसा

हा विषय आपल्याला परका नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला मिळणारी विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये, असे त्यांनी सांगितले. सिगालोवाद सुत्तातही पती आणि पत्नी दोघांनाही कर्तव्ये सांगितली आहेत. त्या काळची कामाची वाटणी आजच्या घराला जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु कर्तव्य एकतर्फी नसते, हे तत्त्व तेव्हाही होते.

काय करता येईल?

"मी तिला मदत करतो" हा शब्दप्रयोग आधी सोडावा. मदत म्हटले की काम मुळात तिचे ठरते. त्याऐवजी वडिलांनी रोजचे, ठरल्या वेळेचे एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. सकाळचा डबा घेतला तर भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सर्व त्यांचे, आणि आठवणही त्यांचीच. तेव्हाच आईचा अर्धा तास खरा मोकळा होतो. तो तिने वाचनात घालवावा, सभेला येण्यात घालवावा, की नुसते बसून राहावे, हे तिचे तिने ठरवावे.

विद्यार्थ्यांनी एका दिवसाचा तक्ता करावा. पहाटे चार ते चार, अर्ध्या-अर्ध्या तासाने, आई आणि वडील असे दोन रकाने. शेजारी भाऊ आणि बहीण असे आणखी दोन काढावेत, कारण परीक्षेच्या दिवसांतही भांडी कोण घासते, यावरून पुढच्या पिढीची वाटणी ठरत असते. तक्ता पुरा झाला की तो भिंतीवर न लावता जेवताना सर्वांनी मिळून वाचावा, आणि त्यातले एक काम त्याच दिवशी एका रकान्यातून दुसऱ्यात न्यावे, एवढीच अपेक्षा.