वॅट मोजून घेतलेला सर्व्हर

शहापूरच्या माणसाला संगणकाचे सुटे भाग घ्यायचे तर आसनगावहून लोकल धरायची. मुरबाडकराला आधी एसटीने कल्याण गाठायचे. पुढे दोघांची वाट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाते. 1991 साली लिनस तोरवाल्ड्सने घरच्या 386 यंत्रावर लिनक्स लिहिले आणि युनिक्सच्या धाटणीचा सर्व्हर या रस्त्यावर जुळवलेल्या पीसीच्या आवाक्यात आला.

त्यानंतर कितीतरी वर्षे गिऱ्हाईक आधी मेगाहर्ट्झ विचारी. सर्व्हर मात्र बहुधा डिस्कपाशी अडायचा. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी हार्ड डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला शंभरेक वेळा वाचते, एसएसडी हजारो वेळा. जुन्या यंत्रात रॅम वाढवून एसएसडी बसवणे हाच आजही सर्वांत स्वस्त वेग आहे.

गावाकडे हिशेब विजेवर येतो. 60 वॅट खाणारा पीसी अहोरात्र चालला तर वर्षाला 526 युनिट जळतात. 10 वॅटच्या यंत्राला 88 पुरतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती तास तग धरणार, तेही यावरच ठरते.

मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात 2007 साली एका धनगरवाड्यावरच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, 1 जीबी फ्लॅश, आत लिनक्स. पंखाही नाही. हा लॅपटॉप सर्व्हर नव्हता, पण अशा ठिकाणी यंत्र कसे असावे हे त्याने नेमके दाखवले. पुढे शहापुरातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने सौर विजेवर डिजिटल वर्ग चालवला.

2012 मध्ये 35 डॉलरचा रास्पबेरी पाय हा संगणक आला. त्याचे दुखणे मेमरी कार्डात: लिहिता लिहिता वीज गेली की फाइली बिघडतात. 2019 च्या चौथ्या आवृत्तीत यूएसबी 3 आणि पूर्ण गिगाबिट जोडणी मिळाली, एसएसडीचा वेग वापरता आला, आणि तो खरा सर्व्हर झाला. 2023 मध्ये इंटेलचा 6 वॅटचा एन100 प्रोसेसर आला.

तरीही शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी कंपन्यांनी काढून टाकलेला, पुस्तकाएवढा थिंकसेंटर टायनी पीसी अधिक चांगला. रॅम वाढते, सुटे भाग मिळतात. घेताना ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने एसएसडीची झीज पाहावी. बायोसमध्ये वीज परतताच यंत्र सुरू होण्याची सोयही चालू करावी. रात्री दोनला वीज आली तर बटण दाबायला शाळेत कोणी नसते.