चांदमारीआधीचे नाणे

बंगळूरच्या अलसूर तलावाकाठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. १७८० साली उभारलेल्या पायोनियर तुकड्यांची परंपरा सांगणाऱ्या या दलाचे काम पूल बांधण्याचे, सुरुंग पेरण्याचे व काढण्याचे. तरीही येथील रंगरूटाला चांदमारी चुकत नाही. पूल बांधणाऱ्यावरही शत्रू गोळी झाडतोच.

घरच्या मंडळींना वाटते, रायफल हाती आली की धडाधड गोळ्या सुटत असतील. प्रत्यक्षात आधी काडतुसांवाचून सराव होतो. नळीच्या टोकाशी नाणे ठेवायचे आणि ते न पाडता चाप दाबायचा, ही त्यातली जुनी रीत. चाप झटकला की नळी हलते. पुढची माशी एक मिलिमीटर जरी ढळली, तरी तीनशे मीटरांवर नेम अर्ध्या मीटरहून अधिक चुकतो.

मग खरी परीक्षा. एकाच बिंदूवर नेम धरून चार-पाच गोळ्या झाडायच्या. छिद्रे विखुरली, तर दोष नेमबाजाचा: श्वास, खांदा वा बोट. छिद्रे एकवटली पण बाजूला पडली, तर माशी सरकवून रायफल जुळवून घेता येते. हा भेद न उमजता माशीच फिरवीत बसणारा रंगरूट गोळ्या दवडतो आणि धीरही. आमच्या मते साऱ्या शिक्षणात हाच धडा सर्वांत मोलाचा.

या शहरात आता रायफलीही घडतात. स्प्रिंगा बनविणाऱ्या उद्योगसमूहातून निघालेल्या एसएसएस डिफेन्स या कंपनीने .३३८ बोअरची ‘सेबर’ ही लांब पल्ल्याची रायफल तयार केली आहे. तिच्यावर दुर्बीण चढवितात, आणि तीही अशाच गोळ्या झाडून जुळवून घ्यावी लागते.