वाय-फायचा खांब चावडीपुरता. मळ्यातल्या वस्तीवर नेट पोचणार कसे?

सातबारा मोबाइलवर, महाडीबीटीचा अर्ज मोबाइलवर. २०२१ पासून पीक पाहणीही मोबाइलवर आली. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. पाठवायला रेंज पाहिजे, आणि घोडे तिथेच अडते. मग ग्रामसभेत कोणीतरी उठून म्हणतो, "गावात वाय-फाय बसवा की!" मागोमाग एखादा विक्रेता दारात येतो. "एक खांब उभा करा साहेब, अख्खं गाव नेटवर," असे सांगून कोटेशन ठेवून जातो. त्या कागदावर सही करण्याआधी सरपंच-ग्रामसेवकांनी आणि शेतकरी बांधवांनीही ही बिनतारी भानगड नेमकी काय आहे ते समजून घेतलेले बरे. खर्च होणारा पैसा गावाचा आहे.

वाय-फाय हे मुळात घरातले, कचेरीतले साधन. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये त्याचे पहिले मानक ठरवले, क्रमांक ८०२.११. मानक म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी एकाच रीतीने बोलावे म्हणून ठरवलेला कायदा. तेव्हाचा वेग सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट होता. आज तो कितीतरी पटींनी वाढला, पण पल्ला फारसा वाढला नाही. घरात वीस-तीस मीटर, उघड्यावर साधारण शंभर. आपल्याकडच्या माळवदाच्या घराची जाड भिंत मध्ये आली की तेवढाही राहत नाही.

विक्रेता म्हणेल, आमचा खांब जोरदार आहे. असेलही. पण नेट म्हणजे आकाशवाणी नव्हे, की केंद्राने बोलावे आणि आपण ऐकावे. तुमच्या मोबाइललाही उलट बोलावे लागते, आणि त्याचा आवाज बारीक. खांबाचे ओरडणे अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येते, मोबाइलचे उत्तर मात्र खांबापर्यंत पोचत नाही. म्हणून पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि पान काही उघडत नाही. दुसरी अडचण अशी, की वाय-फायची रीत 'आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर बोला' अशी आहे. एका खोलीत ती छान चालते. पण गावाच्या या टोकाचा मोबाइल आणि त्या टोकाचा मोबाइल एकमेकांना ऐकूच येत नाहीत. दोघेही एकदम बोलतात आणि दोघांचेही वाया जाते.

शिवाय वाय-फायच्या लहरी म्हणजे गायरान. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त आहे आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात खुला झाला. कोणीही जनावरे सोडावीत, भाडे नाही. पण गायरानात गर्दी झाली तर दाद कोणाकडे मागणार?

याच आयईईईने २००१ मध्ये ८०२.१६ हे दुसरे मानक काढले. बाजारात त्याचे नाव झाले वायमॅक्स. हे शहरासाठी, मैलोगणती अंतरासाठी होते. त्याची रीत कालव्याच्या शेजपाळीसारखी. मधला मनोरा प्रत्येकाला पाळी लावून देतो, तुझे इतके क्षण, मग त्याचे. कोणी कोणाचे पाणी तोडत नाही. जाहिरातीत पन्नास किलोमीटर पल्ला आणि सत्तर मेगाबिट वेग सांगितला जाई. मात्र दोन्ही एकदम मिळत नसत. प्रत्यक्षात काम काही किलोमीटरचेच.

मग वायमॅक्स गेले कुठे? २००६ मध्ये 'अनवायर पुणे' या प्रकल्पाचा मोठा गाजावाजा झाला होता. बीएसएनएलनेही ग्रामीण भागात वायमॅक्स नेले. २०१० मध्ये केंद्र सरकारने या कामाच्या लहरींचा लिलाव केला. त्यात इन्फोटेल या एकाच कंपनीने सुमारे १२,८४८ कोटी रुपये मोजून सगळा देश घेतला आणि पुढे ती रिलायन्सकडे गेली. पण तोवर जगातल्या मोबाइल कंपन्या फोर-जीच्या, म्हणजे एलटीईच्या बाजूला झुकल्या होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले ते फोर-जीवर. वायमॅक्स हरले, पण पाळी लावून देण्याची रीत जिंकली. आज खिशातला फोर-जी, फाइव्ह-जी फोन तीच पाळी पाळतो. अर्थात पाळीलाही मर्यादा आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमले की फोन लागणे मुश्कील होते. कालव्यात पाणी तेवढेच आणि भिजवायचे रान दसपट, दुसरे काय.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यात बरीच माणसे गावठाणात नव्हे, मळ्यातल्या वस्तीवर राहतात. चावडीजवळच्या खांबाचा त्यांना उपयोग शून्य. या कोड्यावर काम झाले ते आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यात. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' प्रकल्पात पाडे जोडताना कामाची वाटणी केली. शेवटच्या शंभर मीटरला साधे वाय-फाय, आणि मधल्या काही किलोमीटरला वेगळी बिनतारी जोडणी. त्यासाठी सरकारच्या परवानगीने टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरी प्रयोगादाखल वापरल्या. या लहरी झाडाझुडपांतून वाय-फायपेक्षा बऱ्या जातात. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

टीव्हीच्या लहरी गावाला सहज वापरता येत नाहीत, पण वाटणीची अक्कल वापरता येते. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली असेल तर तिथून मोठ्या वस्तीवर समोरासमोर दोन डिश लावून ५ गिगाहर्ट्झची जोडणी नेता येते. डिश लहरींना एकाच दिशेला धरते, म्हणून अंतर चालते. वस्तीवर पोचल्यावर शाळेत किंवा देवळात छोटे वाय-फाय ठेवायचे. गावातल्या किराणा दुकानदाराला रीतसर वाय-फाय विकायचे असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत त्याला परवाना लागत नाही, शुल्कही नाही. आणि वस्तीवर फाइव्ह-जीची रेंज चांगली येत असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? मोबाइल कंपनीचे घरगुती यंत्र छपरावर लावले की झाले.

विक्रेत्याला विचारायचे ते हे, की खांबाला नेट येणार कुठून? फायबर बंद असेल तर खांब म्हणजे टाकीत पाणी नसलेला नळ. आधी पंचायतीतले भारतनेटचे यंत्र चालू आहे का ते पाहा. अनेक ठिकाणी फायबर तुटलेली असते किंवा यंत्राला वीजच नसते. भारनियमनात बॅटरी किती तास टिकेल, वीज पडली तर अर्थिंग कुठे आहे आणि दुरुस्तीला कोण किती दिवसांत येणार, हेही करारात लिहून घ्या.

पाहणीही पैसे देण्याआधी करा. चावडीपाशी सगळे चालतेच, त्या विक्रेत्याला शेवटच्या वस्तीवर न्या आणि तिथे मोबाइलवर सातबारा उघडून दाखवायला सांगा. डिशची जोडणी असेल तर उन्हाळ्यात मोजणी झाली एवढ्यावर विसंबू नका. तेव्हा सुरू ऊस गुडघ्याएवढा असतो, दिवाळीपर्यंत तो डोक्यावर जातो आणि ओल्या पाल्यात ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जिरतात. दोन्ही डिश उभ्या उसाच्या आणि वाटेतल्या झाडांच्या चांगल्या वर राहतील एवढी खांबाची उंची आधीच धरा.